'तू कोणाची?' : एका विद्यार्थिनीचं मांडणशिल्प आणि न विचारलेला प्रश्न

हे प्रकरण अकरावीतल्या एका मुलीच्या कलाकृतीचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तिची कलाशिक्षिका होते, म्हणजे या गोष्टीत मी तटस्थ नाही, आणि जिथे चुकले तिथे तसं लिहिलं आहे. मजकूर त्या मुलीने, तिच्या आईवडिलांनी आणि आत्याने वाचून होकार दिला. काकांनाही पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं नाही, म्हणून त्यांच्या तोंडची वाक्यं काढून टाकली आणि आक्षेपाचा आशय तेवढा ठेवला. शीर्षकातले शब्द आजींचे आहेत. ते आत्याच्या परवानगीने वापरले आहेत. आजींना विचारणं आता शक्य नाही.

पार्श्वभूमी

वर्षअखेरीच्या प्रदर्शनाचा विषय होता स्मृती, ओळख आणि आजचा समाज. वर्गात एकोणीस मुलं. हा विषय दिला की काय येतं ते मला अनुभवाने माहीत आहे: तुटलेले आरसे, अर्धा काळा अर्धा पांढरा चेहरा, आणि मोबाइलच्या साखळीने बांधलेले हात. हात तर इतक्यांदा आलेत की मी मोजणं सोडून दिलं. मुलं प्रामाणिकपणेच काढतात, पण त्यात त्या मुलाचं स्वतःचं असं फारसं काही सापडत नाही. म्हणून या वेळी अट घातली की काम घरातल्या एखाद्या वस्तूपासून सुरू झालं पाहिजे, जिला तुमचा हात रोज लागतो.

अट फळली. आईवडील वेगळे झाल्यावर आडनाव बदललेल्या एका मुलाने जुन्या आणि नव्या वह्यांवरची लेबलं एकावर एक चिकटवून जाड ठोकळा केला आणि तो मधोमध कापला. कापलेल्या कडेला नावांचे थर दिसत होते. एका मुलीने स्वतःचे दोन चेहरे रंगवले, एक कॅमेऱ्यातला आणि एक फिल्टर लावलेला. यातली खरी कोण, असं तिने वर्गाला विचारलं, तर बहुतेकांनी फिल्टरवाल्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं. ती हसली खरी, पण पुढे दोन दिवस त्या चित्राला तिने हात लावला नाही.

पण घरातली वस्तू एकट्याची नसते. अट घालताना हे मी मुलांना सांगितलं नव्हतं, कारण माझ्याच ते डोक्यात आलं नव्हतं.

काम कसं घडलं

या मुलीची आजी त्यांच्याच घरी राहायची. स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन काही वर्षं झाली होती. मुलगी शाळेतून आली की आजी विचारायची, "तू कोणाची गं?" ती म्हणायची, "मी तुझी नात." थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न.

तिने बारा कौटुंबिक फोटो निवडले. सर्वांत जुना आजीच्या तरुणपणचा, सर्वांत नवा मागच्या वर्षीचा, ज्यात आजी आणि ती शेजारी बसल्या आहेत. आजीच्या वापरातल्या जुन्या सुती चादरीचे तुकडे करून त्यांवर तिने सायनोटाइप छापले. ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या दोन क्षारांचं द्रावण कापडाला लावायचं, अंधारात वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्याने धुवायचं. ऊन लागलेला भाग निळा होतो, बाकीचं द्रावण पाण्याबरोबर निघून जातं. इमारतींचे जुने निळे नकाशे असेच निघायचे.

पुढची कल्पना सर्वस्वी तिची. धुण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात सायनोटाइप बुडवला की निळा रंग उतरत पिवळट होतो. किती वेळ बुडवलं त्यावर किती उरेल ते ठरतं. अल्झायमरमध्ये बहुधा नवीन आठवणी आधी जातात आणि जुन्या जास्त काळ टिकतात. जे अलीकडचं ते आधी पुसलं जातं, हे निरीक्षण फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओदूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवलं होतं. तिने छापे त्याच क्रमाने बुडवले. तरुण आजी गडद निळी राहिली. पुढचा प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा फिका, आणि शेवटच्या कापडावर, जिथे ती स्वतः होती, फक्त पिवळा डाग. आजीच्या आठवणीतून सर्वांत आधी पुसली गेली ती हीच. मला हे इतकं नेमकं वाटलं की मी तिची वही वर्गात फिरवली.

कापडं दोरीवर ओळीने टांगायची आणि खाली लपवलेल्या स्पीकरमधून आवाज सोडायचा, अशी मांडणी ठरली. आवाज आजीचाच होता. चार महिने संध्याकाळी फोनवर केलेली रेकॉर्डिंग जोडून तिने सहा मिनिटांचा तुकडा तयार केला होता. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. मधेच आजी एकदा खळखळून हसते. का ते कळत नाही.

मी तो तुकडा तीनदा ऐकला आणि सुचवलं की हसणं अगदी शेवटी घे, परिणाम वाढेल. कोणाच्या तरी आईचा आवाज आपण कापतोय, जोडतोय, हे तेव्हा मला जाणवलं नाही.

अडचण

प्रदर्शनाला चार दिवस होते. टांगणीची रंगीत तालीम चालू असताना एका वर्गमित्राने वीसेक सेकंदांचा व्हिडिओ काढला, आवाजासकट, आणि स्टेटसला ठेवला. हेतू कौतुकाचा होता. संध्याकाळपर्यंत तो कुठूनसा फिरत तिच्याच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन मुख्याध्यापकांना. ते आजींचे थोरले चिरंजीव, उपचारांचे निर्णय तेच घेतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आईला या अवस्थेत परक्यांनी ऐकावं हे आईला कधीच चाललं नसतं. धड कपडे घातल्याशिवाय फोटोलासुद्धा उभं न राहणारी बाई ती. आणि घरात कोणालाही विचारलेलं नाही.

कागदोपत्री आम्ही चोख होतो. पालकांच्या संमतीपत्रावर वडिलांची सही होती. पण त्या पत्रात एवढंच विचारलं होतं की तुमच्या पाल्याचं काम प्रदर्शित करायला हरकत नाही ना. कामात आणखी कोण आहे हा प्रश्न त्यात नव्हताच.

माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. वाटलं, झालं, आता घरच्यांच्या अब्रूपायी एका मुलीचं वर्षभराचं काम जाणार. हा राग जवळजवळ एक दिवस टिकला, आणि त्या एका दिवसात मी जे सल्ले दिले त्यातला एकही उपयोगी पडला नाही. मुलगी माझ्यापेक्षा स्पष्ट होती. ती म्हणाली, "मॅडम, मी तिची टिंगल करत नाहीये. आणि प्रश्न मलाच विचारला होता ना तिने? मग तो थोडा माझापण आहे."

या वाक्यात प्रकरणाची सगळी मेख आहे. दोघींमध्ये घडलेली गोष्ट एकीला आठवत नाही आणि दुसरीला विसरता येत नाही. अशी आठवण कोणाची म्हणायची?

समोर असलेले पर्याय

काम जसंच्या तसं दाखवावं, हा पहिला. तिच्या बाजूने बोलताना मी बालहक्कांच्या करारनाम्याचा आधार घेतला. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या या करारनाम्याच्या तेराव्या कलमात मुलांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात कलेचा स्पष्ट उल्लेख आहे. मुख्याध्यापकांनी तेच कलम पुढे वाचून दाखवलं: इतरांचे हक्क आणि प्रतिष्ठा जपण्यासाठी या स्वातंत्र्यावर कायद्याने मर्यादा घालता येते. मी पहिला भाग वाचून थांबले होते.

काम काढून टाकावं, हा दुसरा. सर्वांत सोपा, आणि मुख्याध्यापकांचा कल तिकडेच. पण त्यातून मुलगी एवढंच शिकली असती की घरातलं काही काढायचं नाही, त्यापेक्षा आरसे बरे.

तिसरा वडिलांनी सुचवला: छापे राहू देत, आवाज बंद करा. तिला तो मान्य नव्हता. प्रश्नच नसेल तर फिकी होत जाणारी निळी कापडं दिसायला सुंदर आणि ऐकायला मुकी. खोलीत लावण्यासारखी.

चौथा माझा लाडका. स्वतंत्र खोली, फोन बाहेर ठेवायचे, एका वेळी एकानेच आत जायचं. मी त्यासाठी खोलीही पाहून आले. पण यातून बंदोबस्त झाला असता तो आवाज बाहेर फुटण्याचा. आक्षेप होता परक्याने ऐकण्याला, आणि परका एकटा आत गेला म्हणून आपला होत नाही. हे मला त्या मुलीच्या आईने सांगितलं, अगदी सहज, चहा ओतता ओतता.

पाचवा म्हणजे नाटकात काम करणाऱ्या एखाद्या मुलीकडून आजीचे संवाद म्हणवून घ्यावेत. आम्ही करून पाहिलं. दहा सेकंदांत सगळ्यांच्या लक्षात आलं की ही नक्कल होतेय, आणि टिंगलीचा जो आरोप तिने नाकारला होता तो आता खरा ठरतोय.

याच दरम्यान वर्गात दोन उदाहरणांवर बोललो. लंडनमध्ये राहणारे चित्रकार विल्यम उटरमोलन यांना १९९५ मध्ये अल्झायमरचं निदान झालं आणि त्यानंतर काही वर्षं ते स्वतःचेच चेहरे काढत राहिले. चेहऱ्यांची ठेवण हळूहळू विस्कटत जाते. ती चित्रं पाहणं कठीण आहे, पण ती पाहावीत की नाही हे ठरवणारा माणूस आणि चित्रातला माणूस एकच होता. दुसरं उदाहरण फ्रेंच कलावंत सोफी काल यांचं. त्यांना रस्त्यात पत्त्यांची एक वही सापडली. परत पाठवण्यापूर्वी त्यांनी तिच्या प्रती काढल्या, वहीतल्या लोकांना भेटून मालकाची माहिती गोळा केली आणि १९८३ मध्ये ती एका दैनिकात क्रमशः छापली. मालकाला कळल्यावर तो भयंकर संतापला. अखेर त्याच्या मृत्यूनंतरच ते काम पुस्तकरूपाने आलं. वर्गाचं मत विभागलं. आडनाव कापणारा मुलगा म्हणाला, "तो मालक निदान चिडू तरी शकला." त्यानंतर चर्चा पुढे गेली नाही.

प्रत्यक्षात काय केलं

वळण आलं ते आत्याला फोन केल्यावर. फोन मुलीने केला. आजीचं न्हाऊमाखू घालणं, औषधं, रात्रीचं जागणं हे सगळं आत्या करायची, आणि एवढ्या गदारोळात तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला दाखवलंत का?"

नव्हतं दाखवलं. कोणालाच सुचलं नव्हतं. ती विसरते म्हणजे तिला विचारून काय उपयोग, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता धरून चाललो होतो. काकांनीसुद्धा.

खरं तर स्मृतिभ्रंश म्हणजे सगळे निर्णय एकदम संपले असं नसतं. करार समजून सही करणं जमत नसलं तरी एखादी गोष्ट हवी की नको हे माणूस चेहऱ्याने, हाताने सांगू शकतो. ही क्षमता दिवसागणिक, कधी तासागणिक बदलते. म्हणून एकदा विचारून भागत नाही. आत्याने दोन दिवस ठरवले, दोन्ही सकाळचे, कारण सकाळी आजी शांत असायची. मी जायचं नाही, फोन काढायचा नाही, आणि आजी अस्वस्थ झाली की थांबायचं.

पहिल्या दिवशी आजींनी कापडं हातात घेतली, चादर ओळखली. चित्रांपेक्षा चादरच जास्त ओळखली. "ही माझी," असं म्हणाल्या. एक छापा मात्र त्यांनी उलटा करून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून सगळी कापडं पुन्हा समोर ठेवली, तर तोच छापा पुन्हा उलटा. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही. घरात कोणालाही कारण माहीत नाही.

तो छापा वगळला. यावर वाद झाला नाही.

आवाजाचं काय? रेकॉर्डिंग ऐकवावं का, यावर आत्या ठाम होती: स्वतःचाच आवाज तोच प्रश्न विचारताना ऐकून ती घाबरेल. मग मुलीनेच नियम केला, की जे तिला विचारता येत नाही ते वापरायचं नाही.

त्या रात्री तिने सहा मिनिटांचा तुकडा पुन्हा उघडला आणि आजीचं प्रत्येक वाक्य काढून टाकलं. जागा तेवढ्याच लांबीच्या ठेवल्या. उरला तिचा एकटीचा आवाज. "मी तुझी नात." शांतता. "धाकट्याची." शांतता. "हो, मोठी झाले." मोठी शांतता, बहुधा जिथे ते हसणं होतं. "मी तुझी नात." आत्याने हे काकांच्या कानावर घातलं. त्यांनी विरोध केला नाही, संमतीही दिली नाही.

आणखी एक निर्णय उरला होता, बाहेरून किरकोळ वाटेल असा. दोरीवर बारा चिमटे होते. तिला बारावा चिमटा रिकामा ठेवायचा होता. मी म्हणाले, आजींनी नको म्हटलं त्याचीच पुन्हा आपण कलाकृती करतोय, लोक विचारतील इथे काय होतं. ती म्हणाली, "मग काहीच झालं नाही असं दाखवायचं का?" शेवटी चिमटा काढला, अंतरं सारखी केली. माझं बरोबर होतं का, हे आजही ठरवता येत नाही. त्या दिवशी तिला माझ्याशी आणखी वाद घालायला वेळ नव्हता, इतकंच खरं.

निष्पत्ती

प्रदर्शन तीन दिवस चाललं. या कामासमोर लोक थांबायचे, पण कमी वेळ. पहिल्या तालमीला ज्यांनी आजीचा आवाज ऐकला होता ते शेवटपर्यंत उभे राहिले होते, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. नव्या रूपात तसं झालं नाही. कितीजण 'धाकट्याची' ऐकून गोंधळले आणि पुढे गेले. कला म्हणून पहिलं रूप जास्त ताकदीचं होतं असं माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही. मुलीला हे मान्य नाही. तिच्या मते पहिल्यात लोक आजीची कीव करत होते आणि दुसऱ्यात त्यांना प्रश्न स्वतः शोधावा लागत होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रक्रियेची वही बराच वेळ वाचली आणि गुण दिले ते मुख्यतः वहीला.

आत्या आली. काका आले नाहीत. त्यांच्याकडचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही, असं नंतर कळलं.

व्हिडिओ काढणाऱ्या मुलाला आम्ही सर्वांसमोर खडसावलं होतं. त्याने माफी मागितली, व्हिडिओ काढून टाकला. पण वर्षभर त्याच मुलांना आम्ही सांगत होतो की आपली कामं फोनवर टाका, लोकांपर्यंत पोहोचवा.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट. दिव्यांच्या झोतात तीन दिवसांत गडद छापेही थोडे फिकट झाले. सायनोटाइपचं हे वैशिष्ट्यच आहे: तीव्र उजेडात निळा रंग उतरतो आणि अंधारात ठेवला की बराचसा परत येतो. काही आठवडे खोक्यात ठेवल्यावर जुने छापे सावरले. सोड्यात बुडवलेला शेवटचा अर्थातच नाही. तिने वहीत दोन्हींची तुलना करून ठेवली आहे, पुढे टीप नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी सुरुवातीलाच होती. बारा फोटोंची यादी वहीत पाहून मी निगेटिव्ह कशावर छापणार, एवढंच विचारलं. फोटोत कोण कोण आहे आणि त्यांना माहीत आहे का, हे विचारायला दोन मिनिटं लागली असती, आणि तेव्हा हातात चार महिने होते. चार दिवसांत घेतलेली संमती ही संमती कमी आणि तडजोड जास्त असते.

दुसरी, जिच्याकडे सांभाळण्याचं काम आहे तिला सर्वांत आधी गाठायला हवं होतं. आम्ही अधिकार कोणाला, या प्रश्नात अडकलो. वडिलांची सही की काकांचा शब्द? आत्या त्या यादीत कुठेच नव्हती आणि उपयोगी प्रश्न तिनेच विचारला.

तिसरी, काकांशी मी स्वतः बोलायला हवं होतं. सगळं मुख्याध्यापकांमार्फत आणि मग आत्यामार्फत झालं. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं असेल की शाळा त्यांच्या विरुद्ध उभी आहे. पहिल्या दिवशी तर ती होतीच.

रंगीत तालमीत फोन बाहेर ठेवण्याचा नियम आता केला आहे. तो सोपा होता. संमतीपत्र बदलायला जास्त वेळ लागला. आता त्यात पालकांसाठी नव्हे तर विद्यार्थ्यासाठी एक प्रश्न आहे: 'या कामात दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या माणसाला तुम्ही हे काम दाखवलं का? ती व्यक्ती काय म्हणाली, किंवा तिने काय केलं?'

या वर्षी एका मुलाने ती जागा कोरी ठेवली आहे. त्याचं काम वारलेल्या भावाविषयी आहे. आम्ही दर बुधवारी तासानंतर बसतो. अजून काही ठरलेलं नाही.